डबची अंत्ययात्रा सोनोराला कशी गेली

डब लँट्रिप गेला तो सोमवारी, सकाळच्या कॉफीबरोबर बिस्किट खाता खाता. पुरायचं ठरलं शुक्रवारी दुपारी. आणि शुक्रवारी क्लोव्हिस टीगला सुट्टी नव्हती.

क्लोव्हिस टायर झिजवायचं काम करायचा. सॅन अँजेलोत हे कुणाला सांगितलं तर कुणी मान वर करून बघत नाही, कारण निम्म्या गावानं कधी ना कधी तेच काम केलेलं असतं. चार पांढऱ्या गाड्या एकामागे एक, भर उन्हात दिवे लावून, गावाबाहेर पडतात, दिवसभर मेस्कीटच्या झुडपांतून आणि तेलाच्या पंपांमधून हिंडतात आणि जिथून निघाल्या तिथंच येऊन उभ्या राहतात. त्यांना कुठंही जायचं नसतं. नवे टायर घालायचे, झिजवायचे, किती झिजले ते मोजायचं, आणि मग त्या जातीच्या टायरच्या कडेवर आकडा छापला जातो. कुठं तीनशे, कुठं पाचशे, कुठं सातशे. बाकीचा देश तो आकडा बघून टायर घेतो, किंवा न बघताच घेतो.

कामाचे नियम थोडे पण कडक. सगळ्यांचा वेग एक. पुढच्या गाडीपासून ठरलेलं अंतर. कुणी कुणाच्या पुढं जायचं नाही, करकचून ब्रेक मारायचा नाही. गाडीत वजनसुद्धा ठरलेलं, त्यासाठी मागच्या सीटवर वाळूची पोती. आणि पुढचा जिकडं वळेल तिकडं वळायचं. "विचार करायचा नाही," डब नव्या माणसाला सांगायचा. "विचार आला की पाय हलतो. पाय हलला की वेग हलतो."

डबनं हे सगळ्यांत जास्त वर्षं केलं. क्लोव्हिसला त्यानंच शिकवलं. आणि गेल्या वसंतात डबचं हृदय पहिल्यांदा अडलं, तेव्हा इस्पितळाच्या पलंगावर त्यानं क्लोव्हिसचा हात धरला होता.

"माझी पेटी उचलायला सहा जण लागतील," डब म्हणाला. "पुढचा डावा कोपरा तुझा. स्टिअरिंग डावीकडं असतं, ती बाजू मी दुसऱ्या कुणाला देणार नाही."

"दिला शब्द," क्लोव्हिस म्हणाला.

"आणि माझा आकडा काय, ते खड्ड्यापाशी सांगायचं. सगळ्यांसमोर. लाजायचं नाही."

आकड्याची ही दोघांची जुनी खोड होती. टायरच्या कडेवर तीन गोष्टी असतात: झीज, पकड आणि ताप. त्या तीन गोष्टी लावून ही दोघं रस्त्यात दिसेल त्याला तोलायची. चर्चच्या ब्रदर लोमॅक्सला त्यांनी दिलं होतं: झीज आठशे, पकड सी, ताप ए. म्हणजे तासन्‌तास बोलला तरी झिजत नाही, ऐकणाऱ्याला धरून ठेवत नाही, आणि स्वतः कधी तापत नाही.

"शब्द दिला," क्लोव्हिस पुन्हा म्हणाला, आणि इस्पितळातून बाहेर पडेपर्यंत त्याचे डोळे नुसते गळत होते.

आता अडचण अशी झाली की टेस्ट अगदी शेवटच्या टप्प्यात होती. गाड्या चार, ड्रायव्हर पाच, आणि पाचवा ड्रायव्हर म्हणजे डब. मॅनेजर किप म्हणाला, "क्लोव्हिस, मला वाईट वाटतंय. पण एक गाडी उभी राहिली तर चारी उभ्या राहतात. मग टेस्ट पहिल्यापासून. डबनं घातलेले मैलसुद्धा पाण्यात."

हे शेवटचं वाक्य बोलला नसता तर क्लोव्हिसनं नोकरीला लाथ मारली असती. पण ही टेस्ट डबनंच सुरू केली होती.

बुधवारी तो भाताचं आणि चिकनचं भांडं घेऊन डबच्या घरी गेला. डबची बायको ओलिटा दारातच उभी होती. तिच्या मागं स्वयंपाकघरात अशी भांडी आधीच अकरा होती.

"शुक्रवारी मला जमणार नाही, ओलिटा."

तिनं भांडं घेतलं, झाकण उचलून बघितलं, परत ठेवलं.

"का?"

"फेरी आहे."

"फेरी," ओलिटा म्हणाली. "माझ्या नवऱ्यानं सगळा जन्म त्या फेरीत घालवला आणि एकदाही कुठं पोचला नाही. संध्याकाळी विचारायची, आज काय झालं? म्हणायचा, काही नाही झालं, आणि हसायचा! काही न झाल्याचा कुणाला एवढा आनंद होतो रे? आणि तुमच्या त्या आकड्याचं मला सांगूच नकोस. सातशे बघून मी टायर घेतले. सातशे म्हणजे सत्तर हजार मैल. निम्म्यातच टकले झाले."

"ओलिटा, सातशे म्हणजे मैल नसतात ते."

"मग काय असतात? बेडूक?"

"ते... मापाचा एक टायर असतो, त्याच्याशी—"

"क्लोव्हिस टीग, तू त्याला शब्द दिला होतास."

दार लागलं. जाळीचं दार, म्हणजे आवाजसुद्धा धड झाला नाही. क्लोव्हिस पायरी उतरला.

शुक्रवारी सकाळी उत्तरेकडचा आणि पूर्वेकडचा भाग झाला. दुपारी शेवटचा, दक्षिणेचा मोठा वळसा राहिला: एल्डोराडोवरून सोनोरा, तिथून पुढं कडेकडेनं परत गाव. सगळ्यांत पुढं क्लोव्हिस. त्याच्या गाडीला मापाचे टायर होते, कारण ती डबची गाडी. मागं रमोना एस्कामिया, तिच्या मागं टफी, जो बोलायचाच नाही, आणि शेवटी गेलन साइक्स, जो तोंड मिटायचाच नाही. चौघांच्या गाड्यांत रेडिओ होता.

गावाबाहेरच्या चर्चवरून जाताना क्लोव्हिसनं मान वळवली नाही. विचार आला की पाय हलतो. पण पार्किंग भरलं होतं, हे कडेच्या डोळ्यानं दिसलंच. त्यानं टोपी काढून शेजारच्या सीटवर ठेवली आणि वेग होता तसा ठेवला.

थोड्या वेळानं रेडिओ खरखरला.

"क्लोव्हिस," गेलन म्हणाला. "माझ्या मागं कोण आहे सांगू?"

"अंतर सांभाळ."

"मी सांभाळतोय. मागचाही सांभाळतोय. काय झकास सांभाळतोय! पण तो डब आहे."

क्लोव्हिसनं आरशात बघितलं, तर फक्त रमोनाचे दिवे दिसले.

"तू पीत असतोस का रे दुपारचा?" रमोनानं विचारलं.

"काळी गाडी आहे, रमोना. पडदेवाली. काचेतून फुलं दिसतायत. मागं आणखी गाड्या. आणखी. देवा, संपतच नाहीत. सगळ्यांचे दिवे लागलेत आणि सगळ्यांत एकसारखं अंतर."

"झालं," टफी म्हणाला. त्या आठवड्यातला हा त्याचा पहिला शब्द.

झालं होतं ते असं. डबची शववाहिनी चालवत होता अर्लिस प्रुइट. अर्लिस म्हणजे आपल्याच फेरीतला निवृत्त ड्रायव्हर. पेन्शन पुरत नाही म्हणून महिन्यातून तीन-चार वेळा मयताची गाडी चालवायचा. चर्चमधून बाहेर पडून तो रस्त्याला लागणार, तेवढ्यात समोरून चार पांढऱ्या गाड्या दिवे लावून गेल्या. अर्लिसचं डोकं कब्रस्तानाचा विचार करत होतं, पण हात तिसाव्या वर्षापासून ज्या कामाला लागले होते तेच करून बसले. चौथ्या गाडीमागं, ठरलेल्या अंतरावर, पेटीसकट बसला. कब्रस्तानाच्या वळणावर पोलीस उभा होता. डावीकडं हात करत होता. मग दोन्ही हात करायला लागला. मग शिटी. अर्लिस सरळ गेला, कारण पुढचा सरळ गेला होता.

त्याच्या मागं ओलिटाची गाडी. चालवत होता तिचा भाऊ हर्शेल, वय एकोणऐंशी, तोही निवृत्त फेरीवाला.

"हर्शेल, वळायचं होतं!"

"पुढचा वळला नाही."

"अरे, पुढचा चुकला!"

"पुढचा चुकला तरी आपण वळायचं नाही."

"मग त्याच्या पुढं जा आणि थांबव!"

हर्शेलनं बहिणीकडं अशा नजरेनं पाहिलं की जणू तिनं त्याला चर्चमध्ये पँट काढायला सांगितली होती. "ओलिटा, मयताच्या गाडीच्या पुढं?"

त्याच्या मागच्या गाड्यांत कोण होतं? डबचे दोस्त. म्हणजे आयुष्यभर ज्यांनी पुढच्या गाडीमागं जाण्याचा पगार घेतला ती सगळी माणसं. त्यांतल्या एकालाही शंका आली नाही. फोन सगळ्यांचे चर्चमध्येच बंद करून ठेवलेले. पोलिसानं मोटरसायकलवरून थोडा पाठलाग केला, पण त्याची हद्द संपली. हद्दीच्या पाटीपाशी तो थांबला, टोपी काढून छातीशी धरली आणि शेवटची गाडी जाईपर्यंत उभा राहिला. आणखी काय करणार?

"क्लोव्हिस," रमोनाचा आवाज आला. "मॅनेजरला फोन कर. तो पोलिसांना सांगेल, ते त्यांना वळवतील."

क्लोव्हिसनं खिशावर हात ठेवला. फोन तिथंच होता. एक फोन केला की डब पाऊण तासात कब्रस्तानात पोचला असता, आणि पुढच्या डाव्या कोपऱ्याला दुसऱ्याच कुणाचा हात लागला असता. नाही केला, तर डब त्याच्याबरोबर फिरणार, त्याच्याबरोबरच गावात परत येणार. आणि फेरी संपल्यावर क्लोव्हिस मोकळा.

"रेंज नाही," तो म्हणाला.

"आपण एल्डोराडोत शिरतोय. इथं टॉवर आहे. मला समोर दिसतोय."

"गाडी चालवताना फोन हातात घ्यायचा नाही. नियम आहे."

"अगदी बरोबर," गेलन म्हणाला. हा गेलन रोज स्टिअरिंगवर बायकोशी भांडायचा. "नियम म्हणजे नियम."

"तुम्ही दोघं नरकात जाणार," रमोना म्हणाली. मग थोडं थांबून, "माझाही मी बंद केलाय."

"झालं," टफी म्हणाला.

एल्डोराडोनं एवढी मोठी अंत्ययात्रा कधी पाहिली नव्हती. समोरून येणारे ट्रक कडेला थांबले. आइस्क्रीमच्या दुकानातल्या मुली एप्रनसकट बाहेर येऊन उभ्या राहिल्या. चौकात शेरीफच्या माणसानं चारी बाजू अडवल्या आणि ताठ उभं राहून सलाम केला. सलाम त्यानं पहिल्या गाडीला केला, म्हणजे क्लोव्हिसला. क्लोव्हिसला काय करावं सुचेना, त्यानंही केला.

"कोण गेलं?" पेट्रोल पंपावर एकानं विचारलं.

"बघ ना, पुढं चार सरकारी गाड्या आहेत. कुणीतरी वरचा असणार."

सोनोरापर्यंत बातमी आधी पोचली होती. तिथं शाळेच्या बँडमधला एक ट्रंपेटवाला फुटपाथवर उभा राहून जमेल तसं वाजवत होता. ते शाळेचं फुटबॉलचं गाणं होतं, पण त्यानं ते फार हळू वाजवलं. हर्शेलच्या गाडीत ओलिटानं ओरडणं सोडून दिलं होतं. ती खिडकीतून बघत होती. लोक ओळीनं टोप्या काढून उभे होते, ज्यांनी डबचं नावसुद्धा ऐकलं नव्हतं.

सोनोराच्या पुढं रस्त्याच्या कडेला एक ओकचं झाड आहे, त्याच्याखाली सिमेंटची टेबलं. चारी गाड्या तिथं नेहमी थांबतात. पाय मोकळे करायचे, टायरमध्ये खिळा-बिळा शिरला नाही ना बघायचं. क्लोव्हिस थांबला. रमोना, टफी, गेलन थांबले. शववाहिनी थांबली. मग मागच्या सगळ्या गाड्या, एकेक करून, ओळीत, सारख्या अंतरावर.

अर्लिस खाली उतरला, नेहमीच्या सवयीनं टायरला लाथ मारली, आजूबाजूला बघितलं, आणि तेव्हा कुठं त्याला कळलं. तो आपल्या गाडीच्या मागच्या काचेकडं बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "अरे बापरे. डब."

ओलिटा आली ती काळा ड्रेस दोन्ही हातांनी उचलून.

"क्लोव्हिस टीग! माझ्या नवऱ्याला कुठं घेऊन चाललायस?"

"मी नाही नेला. तो मागून आला."

"अर्लिस?"

"मिस ओलिटा, माझे हात—" अर्लिस आपल्या हातांकडं असा बघत होता जणू ते कुणाकडून उसने आणलेत.

"माझे मांसाचे तीन ब्रिस्केट पहाटेपासून धुरावर शिजतायत! ब्रदर लोमॅक्स पुढं जाऊन खड्ड्यापाशी उभा आहे! वळवा सगळे. आत्ता."

"वळवता येईल," गेलन म्हणाला. "पण मिस ओलिटा, रस्ता गोल आहे. आपण बरोबर मध्यावर आहोत. मागं गेलं तरी तेवढंच, पुढं गेलं तरी तेवढंच."

ओलिटानं मागं पाहिलं. मागं नुसता रस्ता. पुढं पाहिलं. पुढं तसाच रस्ता. एक बकरी कुंपणातून तोंड काढून तिच्याकडं बघत होती.

"रोज इथं थांबायचा?" तिनं विचारलं.

"रोज," क्लोव्हिस म्हणाला. "त्या टेबलावर बसायचा. तुम्ही दिलेलं सँडविच खायचा. अर्ध्या बिस्किटावर त्या बकरीचा हक्क होता."

ओलिटा त्या टेबलाकडं गेली. हात लावला. नंतर नाक पुसलं आणि परत आली, पहिल्यासारखीच फणकाऱ्यात.

"पुढं चला. अर्ध्यावर आणलाय तर पूर्ण करू दे. पण मी हर्शेलबरोबर बसणार नाही, तो प्रत्येक ट्रकला सलाम करतोय. मी डबच्या पांढऱ्या गाडीत बसणार."

क्लोव्हिस खाकरला. "एक अडचण आहे."

"आणि ती काय?"

"गाडीत वजन ठरलेलं असतं. तुम्ही बसलात तर तेवढी वाळू काढावी लागेल."

त्या ओकखाली एवढी माणसं होती, पण बकरीच्या चावण्याचा आवाज ऐकू आला.

"एक पोतं काढ," ओलिटा म्हणाली.

क्लोव्हिस हलला नाही.

"दीड."

"ओलिटा," रमोना हळूच म्हणाली, "टेस्ट बिघडली तर डबचे मैल वाया जातील."

ओलिटानं तिथल्या प्रत्येक पुरुषाकडं एकदा रोखून पाहिलं. सगळ्यांनी बुटांकडं बघितलं.

"तीन," ती म्हणाली. "आणि पर्स हर्शेलकडं राहील. हे गावात कुणी बोललं तर सांगून ठेवते, डबच्या शेजारची जागा रिकामी आहे."

तीन पोती काढली. ती ठेवायला दुसरीकडं जागा नव्हती, म्हणून अर्लिसनं ती शववाहिनीत फुलांखाली, डबच्या पायाशी ठेवली. डबला आवडलं असतं.

गाड्या परतीच्या रस्त्याला लागल्या. वेगाचा काटा एका जागी चिकटल्यासारखा. ओलिटा म्हणाली,

"सांग तर. सातशे म्हणजे काय?"

"आपण ज्यावर बसलोय ना, हा मापाचा टायर. साधा आहे. फार टिकत नाही, फार घसरत नाही. पण प्रत्येक वेळी सारखाच. त्याचा आकडा शंभर धरायचा. बाकीच्या गाड्यांचे टायर त्याच्याबरोबर त्याच रस्त्यावर, त्याच उन्हात पळवायचे. जो याच्या निम्मा झिजेल तो दोनशे. सातशे म्हणजे याच्या सातव्या हिश्श्यानं झिजतो. मैल किती ते कुणीच सांगत नाही. ते तुम्ही कशी चालवता त्यावर."

"मी नीट चालवते."

ओलिटा गावातल्या तीन कचरापेट्यांना ओळखीची होती.

"आणि ती अक्षरं?"

"पहिलं पकडीचं. ओल्या रस्त्यावर सरळ जाताना ब्रेक मारला तर किती धरतो. फक्त सरळ, बरं का. वळणावर काय होईल ते त्यात मोजलेलं नाही, लोकांना वाटतं मोजलंय. दुसरं तापाचं. वेगात किती गरम होतो आणि किती सोसतो."

"माझ्यावर सी होता. मला वाटलं नापास."

"नापास टायर विकताच येत नाही. सी म्हणजे कायद्याला चालतो. तेवढंच."

ओलिटा खिडकीतून बघत राहिली. मग एकदम वळली. "तुम्ही दोघं सगळ्यांना आकडे द्यायचात. मला डबनं काय दिलं होतं?"

क्लोव्हिसचा पाय हलता हलता राहिला.

"पकड एए," तो म्हणाला. "सगळ्यांत वरची. त्याच्या खाली त्यानं तुम्हाला कधी आणलं नाही."

"ताप?"

क्लोव्हिसनं आरशात बघितलं, रस्त्याकडं बघितलं, पेट्रोलच्या काट्याकडं बघितलं.

"सी?" ओलिटानं विचारलं.

"कायद्याला चालतो," क्लोव्हिस म्हणाला.

ती हसायला लागली. एवढी हसली की हॅट डोळ्यावर आली, मग त्यातच रडली, मग पुन्हा हसली. "आणि झीज?"

"तो आकडा दिलाच नाही. म्हणायचा, अजून टेस्ट चालू आहे."

ती मागं टेकून बसली. कुठं काहीच झालं नाही. एक गिधाड, दोन पंप, एक बंद पडलेलं गॅरेज. क्लोव्हिसनं एकदा तिच्याकडं बघितलं तर तिचे डोळे मिटलेले होते आणि चेहरा मोकळा. "आज काही नाही झालं," ती स्वतःशीच म्हणाली.

गावात शिरल्यावर चारी गाड्या कंपनीच्या यार्डात गेल्या. आणि अर्थात मागचे सगळेही गेले. मॅनेजर किप दारात हातात कॉफी घेऊन उभा होता. चार गाड्यांची वाट बघत होता. आधी चार आल्या, मग शववाहिनी, मग सगळं गाव. कॉफी त्याच्या बुटावर सांडली.

"फेरी पूर्ण," क्लोव्हिस म्हणाला. "एकदाही करकचून ब्रेक मारला नाही. वजन बरोबर. आता मी मोकळा?"

"मोकळा," किप म्हणाला. त्यानं दुसरं काय म्हणायचं?

कब्रस्तानात ऊन कलतं झालं होतं. ब्रदर लोमॅक्स खड्ड्याच्या कडेला मातीच्या ढिगावर बसला होता, टाय सैल, तोंड लाल. वाट बघून बघून त्यानं आपलं प्रवचन खड्डे खणणाऱ्या दोघांना सांगून टाकलं होतं. दोनदा. त्यांतला एक झोपला होता, दुसरा देवाला शरण जायला तयार झाला होता.

पेटी उचलायला पाच जण उभे राहिले. पुढचा डावा कोपरा रिकामा होता. कुणी तिकडं गेलंच नव्हतं. क्लोव्हिसनं टोपी डोक्यावर घातली, काढली, परत घातली, आणि कडी धरली.

अर्ध्या वाटेवर मागून हर्शेल ओरडला, "थांबा. बदला!"

ब्रदर लोमॅक्सला काही कळेना. पण त्या सहाही जणांना कळलं. टायर सारखे झिजावेत म्हणून ठरावीक मैलांनी एकमेकांच्या जागी घालतात, पुढचा मागं, मागचा पुढं. पेटी गवतावर टेकवली, माणसं फिरली, पुन्हा उचलली.

"मी डाव्या पुढच्याचा शब्द दिलाय," मागच्या उजव्या कोपऱ्यातून क्लोव्हिस कुरकुरला.

"मग आणखी एकदा बदलू," अर्लिस म्हणाला.

आणखी एकदा बदललं. पण सहा माणसांचा हिशोब चार टायरांसारखा बसेना, आणि टफी दोनदा एकाच जागी आला. शेवटी खड्ड्यापाशी पोचताना क्लोव्हिस पुढं, डावीकडं होता. पेटीवर काहीतरी घसरल्यासारखं वाटलं तेव्हा सगळे दचकले, पण ती वाळू होती. घाईत एक पोतं पेटीवर फुलांच्या खालीच राहिलं होतं.

ब्रदर लोमॅक्स उठला. त्यानं तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाला, "देवा, हा तुझा. आमेन." त्या गावात कुणी त्याला एवढं थोडं बोलताना ऐकलं नव्हतं. आठशेचा टायर अखेर झिजला होता.

मग सगळे क्लोव्हिसकडं बघायला लागले. शब्दाचा दुसरा भाग राहिला होता, आणि तो सगळ्या ड्रायव्हरांना माहीत होता.

क्लोव्हिसनं आठवडाभर यावरच डोकं घासलं होतं. सहाशे म्हणावं तर डबचं हृदय लवकर गेलं. चारशे म्हणावं तर कमी वाटतं. पकडीचं काय, तापाचं काय. त्यानं टोपी हातात फिरवली.

"शंभर," ओलिटा म्हणाली.

मागं तिच्या एका चुलत बहिणीनं "अगं!" केलं. शंभर म्हणजे फार कमी, एवढं त्या बाईलाही माहीत होतं.

"शंभर," ओलिटा पुन्हा म्हणाली, खड्ड्याकडं बघत. "तुम्ही सगळे कितीचे का असाना. यानंच मोजले जाल."

फेरीवाल्यांच्या टोप्या एकेक करून खाली आल्या. क्लोव्हिसनं मान हलवली. त्याला जे आठवडाभर सापडलं नव्हतं ते तिला एका दुपारीत सापडलं होतं, आणि त्याबद्दल त्याला जरासुद्धा वाईट वाटलं नाही. तो वाकला आणि पहिली मूठ माती टाकली. दुसरी टफीनं टाकली.

"झालं," टफी म्हणाला.

पण झालं नव्हतं. चर्चच्या हॉलमध्ये सगळे जेवायला बसले तेव्हा कळलं की ते तीन ब्रिस्केट चार तास जास्त धुरावर राहिलेत. सुरी आत जाईना. गेलननं एक तुकडा टेबलावर आपटला तर तो परत हातात आला. लोक गुपचूप बटाट्याचं सॅलड खात होते आणि मांसाभोवती काटा फिरवत होते.

ओलिटानं सगळ्यांत मोठा तुकडा क्लोव्हिसच्या ताटात घातला आणि कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली.

"तुझ्यामुळं झालंय, तूच खा."

क्लोव्हिसनं तोंडात घातला. चावला. इकडून चावला, तिकडून चावला. रमोनानं सगळं ताट संपवलं, पेकन-पायचा गोड तुकडा घेऊन आली, तोही संपवला. क्लोव्हिस अजून चावतच होता.

"काय रे?" ओलिटानं विचारलं. "झीज किती?"

त्यानं तुकडा एका गालात सरकवला.

"अजून टेस्ट चालू आहे," तो म्हणाला, आणि पुन्हा चावायला लागला.